अनुभव धागा : लेकरू, कार सीट आणि लांबचं विमान

डिसेंबर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची परदेशातली मंडळी घरी यायच्या तयारीला लागतात. आमची लेक-जावई नातीला घेऊन अमेरिकेहून येणार आहेत. नातीला नुकती दोन वर्षं पूर्ण झालीत. लेक म्हणते, कार सीट (गाडीत लेकराला बांधून बसवायची छोटी खुर्ची) विमानातच घेऊन बसू. आमचे हे म्हणतात, मांडीवर बसेल की! नेली त्यांनी आणि नाही नेली त्यांनीही लिहा. विमान कंपन्यांची नावं मात्र नकोत.

टिळकवाडी, सध्या न्यू जर्सी
काकू, दोन वर्षं पूर्ण म्हणजे काकांचा मुद्दा निकालात. तिला स्वतःचं तिकीट लागणारच. पैसे भरलेतच तर त्या जागेवर तिची सीट का नको? सीटच्या बाजूला लाल अक्षरांत लिहिलेलं शोधा, की ही मोटारीत आणि विमानातही वापरायला प्रमाणित आहे. मुलाचं तिकीट काढलेलं असेल तर अमेरिकी कंपनीला अशी सीट सरसकट नाकारता येत नाही. पण पुढचं विमान दुसऱ्या देशाच्या कंपनीचं असेल तर तिचे नियम वेगळे. तिथून आधीच लेखी उत्तर मागवा, छापून पासपोर्टसोबत ठेवा. आमचं काम त्या कागदानंच झालं. एरवी दारातल्या मुलीला काही ठाऊक नव्हतं.

जागा खिडकीचीच घ्या, म्हणजे बाहेर पडताना कुणाची वाट अडत नाही. संकटकालीन दाराची रांग आणि तिच्या पुढची-मागची रांग चालत नाही. सीटची रुंदी घरीच मोजा, विमानातली खुर्ची साधारण 17 इंचांची असते. आयसोफिक्स (सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्या) विसरा, विमानात फक्त कमरेचा पट्टा असतो. गुडघ्यानं सीट दाबून पट्टा खेचायचा. आमची लेक सवयीच्या सीटमध्ये चांगली झोपली. पाय मात्र पुढच्या खुर्चीला लागतात, तेव्हा पुढच्या रांगेत नवऱ्यालाच बसवा!

खानापूर, सध्या म्युनिक
युरोपातल्या सगळ्याच सीटांना हे जमत नाही. बऱ्याच सीट खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यासाठी बनवलेल्या, कमरेच्या पट्ट्यावर घट्ट बसतच नाहीत. आम्ही विमानात मिळणारा बाळाचा पाळणा मागितला. बाळ सात महिन्यांचं होतं, त्यामुळं वजनात बसलं (मर्यादा बहुतेक ठिकाणी 10-11 किलोच्या आसपास). पण विमान हलायला लागलं की पाळण्यातून उचलून घ्या म्हणतात. झोपलेलं पोर उठवायचं पाप परत परत!

हिंदवाडी
आमच्या सुनेनं केअर्स नावाचा पट्टा आणला होता. खुर्चीच्या पाठीला वळसा घालून खांद्यांवर येतो. 10 ते 20 किलोच्या मुलांसाठी. वजनाला काहीच नाही. पण तो विमानापुरताच, गाडीत चालत नाही.

शहापूर
एवढं कशाला, असं मलाही वाटायचं. मग 1989 च्या जुलैमधल्या अमेरिकेतल्या सू सिटीच्या विमान अपघाताबद्दल वाचलं. त्या काळच्या रीतीप्रमाणं मांडीवरच्या लहानग्यांना खाली पायांशी धरून ठेवायला सांगितलं होतं. त्यातलं एक बाळ गेलं. विमानातल्या मुख्य सेविका जॅन ब्राउन पुढं कित्येक वर्षं बाळांना वेगळी सीट सक्तीची करा म्हणून मागं लागल्या. अमेरिकेनं सक्ती केली नाही, आणि कारण ऐकण्यासारखं आहे: तिकीट महाग झालं तर लोक मोटारीनं जातील, आणि रस्त्यावर धोका जास्त. म्हणजे आपल्यासाठी खरी परीक्षा मुंबईला उतरल्यावर.

निपाणी, टॅक्सीवाला
शहापूरकर बरोबर बोलले. मी मुंबईच्या विमानतळावरनं माणसं आणतो. जवळजवळ पाचशे किलोमीटर, त्यात रात्र आणि खंबाटकी. पोरगं दमलेलं, आई दमलेली, मांडीवरच झोपतात दोघं. सीट आणलेली असते, पण डिकीत! गाडी ठरवतानाच सांगा की बाळाची सीट आहे. नाहीतर मागच्या पट्ट्याचं बकल सीटकव्हरखाली गेलेलं असतंय, ते काढायला कव्हर सोडवावं लागतंय. मधल्या जागेला कधीकधी नुसता कमरेचा पट्टा असतोय, म्हणून दाराकडंची जागा बघा. आणि 2019 च्या दुरुस्तीपासनं चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा त्याच्या सीटशिवाय बसवलं तर 1000 रुपये दंड आहे, हे माझ्याच कितीतरी भाड्यांना ठाऊक नाही.

टिळकवाडी, सध्या न्यू जर्सी
एक राहिलं. विमान उतरताना कान दुखतात आणि तेव्हा तिला सीटमधून काढता येत नाही. सिपर किंवा बाटली हाताशी ठेवा. अंगावर पिणारं बाळ असेल तर ही अडचण मोठी, आधी विचार करा.

धागा काढणारी
सगळ्यांचे आभार. लेकीनं खिडकीची जागा घेतली. हे अजून म्हणतात की एवढ्याशा पोरीला बांधून ठेवणार? पण निपाणीच्या भाऊंचं वाचून गप्प झालेत. भाऊ, तुमची गाडी कुठली आहे? सीट मधल्या ओळीत बसेल का?

निपाणी, टॅक्सीवाला
इनोव्हा आहे. बसते की. कव्हर आधीच काढून ठेवतो.