म्हशीचे दात चालतील, पण कशासाठी?

एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधातल्या प्रयोगांसाठी माणसाचे दात पुरेसे मिळत नाहीत, मग जनावराचे चालतील का, असा प्रश्न विचारला जातो. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठाचं मुख्यालय असल्यामुळे नाशिकात ही चर्चा दरवर्षी झडतेच.

चालतात. बाँडिंगच्या, म्हणजे भरलेलं साहित्य दाताला किती घट्ट चिकटतं याच्या, चाचण्यांसाठी आयएसओ ११४०५ या आंतरराष्ट्रीय मानकात गुरांच्या खालच्या जबड्यातले पुढचे दात मान्य आहेत, जनावर पाच वर्षांच्या आतलं हवं. (वर पुढचे दात नसतातच, खाली आठ.) परदेशी पेपरांत सर्रास गायीचे असतात. आपल्याकडे मात्र २०१५ पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद, त्यामुळे हाती येतो तो म्हशीचा दात, आणि तोही बहुधा म्हाताऱ्या जनावराचा, झिजलेला. तेव्हा पेपरातले गायीचे आकडे आपल्या निकालाशेजारी सरळ मांडू नका. नुसतं 'बोवाइन' (गाय-म्हैस दोन्हींना चालणारा शब्द) लिहून मोकळं होणं मला तरी पटत नाही. म्हैस तर म्हैस लिहा.

फायदा उघड आहे: रुंद, सपाट पृष्ठभाग. एका दातातून दोन-तीन तुकडे निघतात, कीडही सहसा नसते. पण गुरांचं एनॅमल (दातावरचं कठीण आवरण) माणसापेक्षा जास्त सच्छिद्र, त्यात आम्ल लवकर मुरतं आणि प्रयोगशाळेत केलेली कीड भराभर पसरते. म्हणून दोन टूथपेस्टची तुलना करायला ठीक, माणसाच्या दातात किती दिवसांत काय होईल हे सांगायला नाही.

आणि दात फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नका. आठवडाभर ०.५ टक्के क्लोरामाइन-टी (जंतुरोधक द्रावण), मग फ्रिजमध्ये डिस्टिल्ड वॉटर. सुकू दिलात की बारीक तडे गेलेच म्हणून समजा.