सहा नंबर हायवेवरचा वॉटर पार्क: कुणाला काय सापडलं?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगाव जिल्ह्यात पारोळा-एरंडोलच्या मधे, तेव्हाच्या ६ नंबर हायवेला लागून एक वॉटर पार्क होता. घसरगुंड्या, मिनी ट्रेन, आकाशपाळणा. काही उन्हाळे चालला नि बंद पडला. पुढे चौपदरीकरण झालं, हायवेचा नंबरही ५३ झाला. आता गेट कुठे होतं तेसुद्धा सांगता येत नाही. नेटवर एक ओळ नाही. गेलेल्यांनी, शोधलेल्यांनी इथे लिहा. नुसतं 'लई मज्या आली' नको. काय पाहिलं ते सांगा.

पुणे, मूळ चोपडा
साडीवर पाण्यात उतरू देत नव्हते. भाड्याने निळे नायलॉनचे ड्रेस मिळायचे, ओले आणि क्लोरीनचा वास मारणारे. आमच्या मोठी मायने तो ड्रेस नऊवारीच्या वरूनच चढवला आणि डोक्यावरचा पदर न ढळू देता रेन डान्सखाली उभी राहिली. वॉचमनची काय बिशाद तिला हटकायची! फोटो नाही, हेच दुःख.

जळगाव
संगणकावर गूगल अर्थ उघडून जुनी चित्रं मागे सरकवत बसलो. लँडसॅट उपग्रहाच्या जुन्या चित्रांचा उपयोग नाही, त्यांचा एक ठिपका ३० मीटरचा. अख्खा तलाव त्यात गडप. पण नंतरच्या स्पष्ट चित्रांत, शेतांच्या चौकोनांमध्ये, काजूच्या आकाराचं काहीतरी दिसतं. शेततळं असं कुणी खणत नाही. बघायचं तर एप्रिल-मेचं चित्र बघा, पावसानंतर सगळंच हिरवं.

धुळे
सातबारावर पार्कचं नाव शोधू नका, तिथे मालकाचं नाव असतं, धंद्याचं नाही. गट नंबर मिळाला तर जुने फेरफार काढा, जमीन अकृषक झाली होती का ते कळेल. आणि बारा नंबरात पीकपाहणी बघा. मधली वर्षं 'पड' आणि मग एकदम कापूस असेल, तर तुमचा पार्क तिथेच.

एरंडोल तालुका
तो काजू आमच्या भाऊबंदांच्या वावरात आहे. जमीन घेताना तलाव फोडला नाही, फोडायला खर्च कोण करणार? काठावर निळ्या रंगात '४ फूट' लिहिलेलं अजून वाचता येतं. त्यात बोअरचं पाणी सोडतो, तिथून ठिबकला. घसरगुंडी फायबरची होती; करवतीने कापून तिच्या गव्हाणी केल्या. बाहेरून अजून पिवळीधमक, आतून मात्र म्हशींनी ढेप चाटून चाटून पांढरी करून टाकली.

भुसावळ
बंद का पडला विचारताय? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे. गिऱ्हाईक तेव्हाच येणार, आणि विहिरीत पाणी तेव्हाच नसणार. टँकरने तलाव भरून धंदा होतो का?

नाशिक, मूळ पाचोरा
मिनी ट्रेनच्या आठवणींत आमची पी.जे. घुसवू नका, हात जोडतो. पाचोरा-जामनेर ही खरी रेल्वे, ७६२ मिलिमीटर रुळांची, २०२० मध्ये लॉकडाऊनला थांबली. पार्कची गाडी एवढीशी. चालवणारा गुडघे छातीशी घेऊन बसायचा.

अमळनेर
पाळणा बहुधा मी पाहिलाय. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात पाळणे लागतात. एका डब्याचा रंग उडालेला, आणि खाली आधीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं: 'पार्क'. पाळणेवाल्याला विचारलं तर म्हणे, "इकत लेयेल शे भाऊ, कोठला शे ते माले काय माहीत!" कुणाकडून घेतला, तेही सांगेना. खोटं बोलत होता असं वाटलं नाही.

धागाकर्ता
एरंडोलवाले भाऊ, येऊ का बघायला? चार-पाच जण आहोत. टेप आणि कॅमेरा आणतो.

एरंडोल तालुका
या की. पण मृगाच्या आधी या, कपाशी लागली की वावरात पाय टाकू देणार नाही. आणि गव्हाण विकायची नाही, आताच सांगून ठेवतो.