मदत हवी आहे: सागवानी खुर्चीच्या बैठकीला किती मिमीचा वेत?

स्विस वास्तुविशारद पिएर जानरेच्या चंदीगड खुर्च्यांच्या घाटाची, उलट्या व्ही पायांची सागवानी खुर्ची. सांगाडा घट्ट; बैठकीचा वेत तेवढा पुढच्या कडेला तुटलाय. खाचेत ठोकलेली तयार जाळी नव्हे, भोकांतून हाताने विणलेली. भोकं 5 मिमीची, मध्यापासून मध्यापर्यंत 12 मिमी. खालून ओलं फडकं लावलं. वाळताना बैठक ताणली गेली, चार दिवसांत परत झोळ. पट्ट्याच तुटल्यात, दुसरं काय होणार! मग नव्याने विणायला वेताची 2.5 मिमी रुंद पट्टी आणली. उभ्या-आडव्या चार फेऱ्यांतच भोकं भरली, तिरक्या दोन जाईनात. प्लॅस्टिकचा वेत नको, फोमची गादीही सुचवू नका.

सगळ्या फेऱ्यांना 2 मिमी घ्यावी, की तिरक्यांना 2.25? आणि सांगली-मिरजेत अस्सल वेताची पट्टी सुटी कुठे मिळते?