बेअरिंग बदललं आणि एबीएस, ट्रॅक्शनचे दिवे लागले. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणचा. गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढच्या डाव्या चाकातून घूंऽ घूंऽ आवाज यायचा म्हणून गेल्या आठवड्यात बेअरिंग बदलून घेतलं. आवाज गेला, पण गॅरेजपासून फर्लांगभर गेलो नाही तोच दोन पिवळे दिवे एकदम लागले. एक एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), दुसरा घसरत्या गाडीच्या चित्राचा, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलचा.

परवा आईला कराडला नेत होतो. कुंभार्ली घाटात पाऊस, वळणावर म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला. एरवी अशा वेळी पायाखाली पेडल थरथरतं. ते झालंच नाही. चाकं जाम झाली, स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ घसरत गेली. म्हैस बाजूला झाली म्हणून वाचलो.

मेकॅनिक म्हणतो एबीएसचं मॉड्यूल (ती यंत्रणा चालवणारा डबा) गेलं, नवीन टाका. खर्च परवडणारा नाही. बेअरिंगशी याचा काही संबंध असेल का? दोन्ही दिवे एकदम कसे? दर पंधरवड्याला आईला दवाखान्यात न्यावं लागतं, तोवर गाडी चालवू का?

प्रतिसाद १

दादा, मॉड्यूलला आत्ताच हात लावू नका.

दोन्ही दिवे एकदम लागले, कारण दोन्ही यंत्रणांना माहिती मिळते ती चार चाकांचा वेग मोजणाऱ्या त्याच चार सेन्सरकडून. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा झपाट्यानं मंदावलं, की एबीएस त्या चाकाकडचा ऑइलचा दाब रोखतं, सोडतं, परत देतं, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. तीच पायाला लागणारी थरथर. चाक फिरत राहतं म्हणून गाडी वळते; जाम चाक नुसतं घासत जातं. ट्रॅक्शन कंट्रोलचं उलट. रेस दिल्यावर चाक जागच्या जागी फिरलं, तर ते इंजिनाची ताकद कमी करतं आणि बहुतेक गाड्यांत त्याच चाकाला ब्रेकही लावतं. एका सेन्सरचा सिग्नल गेला की दोन्ही बंद.

आता बेअरिंग. बऱ्याच गाड्यांत त्याच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तीच वाचतो. दोन्ही बाजू दिसायला सारख्या, त्यामुळे घाईत उलटं बसतं. एबीएस वाचणारा स्कॅनर लावा (स्वस्तातले फक्त इंजिन वाचतात) आणि सावकाश चालवत चारही चाकांचा वेग बघा.

तोवर साधे ब्रेक लागतील, पण ओल्या रस्त्यावर अंतर ठेवा. चाक जाम झालंसं वाटलं तर पेडल क्षणभर सोडून पुन्हा दाबा. ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी जागेवरच ठेवा. आईंना घेऊन घाट मात्र एसटीनंच करा, ही कळकळीची विनंती.

धागाकर्ता

काका, आज स्कॅनर लावला. तीन चाकं २०, पुढचं डावं शून्य! सेन्सर नि वायर ठीक आहेत. मेकॅनिकनं चूक मान्य केली, म्हणतो तेच बेअरिंग काढून उलटं बसवतो.

प्रतिसाद १

तेच नको. प्रेसनं उपसताना सगळा जोर गोळ्यांवर येतो, मग ते महिन्याभरात परत घूं घूं करेल. नवीनच घ्या. बसवण्याआधी दोन्ही सीलजवळ कागदाची पिन धरून बघा. जिकडे हलकीशी चिकटेल ती बाजू सेन्सरकडे. जवळ लोहचुंबक मात्र नेऊ नका, पट्टी खराब होते.