काकांची सही केलेली जर्सी विकायचीय

प्रश्न: काकांच्या मागे फुटबॉलपटू पेलेची सही असलेली पिवळी जर्सी माझ्याकडे आलीय. विकून सगळे पैसे दिव्यांग मुलांच्या संस्थेला द्यायचेत. सही पाठीवरच्या १० आकड्याच्या वर, काळ्या मार्करची. शेवटच्या अक्षरापाशी शाई जांभळट झालीय. प्रमाणपत्र नाही, काकांचा पेलेसोबतचा एक फोटो आहे. फ्रेम करून विकू का?

उत्तर: फ्रेम अजिबात नको! काचेआडून शाई तपासता येत नाही. धुणं, इस्त्रीही नको. पेलेच्या खोट्या सह्यांचा सुळसुळाट आहे, आधी तज्ज्ञाला दाखवा. फोटोत हीच जर्सी आहे का?

प्रश्नकर्ता: हीच. पेलेच्या हातात पेनसुद्धा दिसतंय. पण धुण्याचं म्हणाल तर... आईने एकदा धुतलीय. शाई त्यानेच गेली. काका महिनाभर बोलले नव्हते तिच्याशी!

दुसरं उत्तर: मग वर्णनात तसं सरळ लिहा, लपवू नका. आणि 'सही केलेली' म्हणजे 'सामन्यात घातलेली' नव्हे. मॅराडोनाची १९८६ ची इंग्लंडविरुद्धची जर्सी २०२२ मध्ये ७१ लाख पौंडांवर गेली ती अंगावर घालून खेळला म्हणून. तो आकडा डोक्यातून काढा. लिलावात राखीव किंमत (म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती) मात्र ठेवा, आणि देणगीसाठी आहे म्हणून कमिशन सोडता का, लिलाववाल्यांना विचारून बघा.