जांघेतला ‘नायटा’ दर उन्हाळ्यात उलटतो, बुरशीची केओएच तपासणी मात्र निगेटिव्ह

कराडचा जीपी
पुरुष, वय ३८. दोन्ही जांघा आणि काखा. तीन वर्षं मार्च ते जून त्रास, थंडीत जवळपास साफ. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल २०० मिग्रॅ रोज आठ आठवडे झालं, ल्युलिकोनॅझोल मलम चालूच. केओएच दोनदा निगेटिव्ह. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत बरं वाटतं, थांबवली की पुन्हा तेच. वडिलांनाही ‘घामाचा नायटा’ होता. डोस वाढवू का?

त्वचारोगवाला
वाढवू नका. वडिलांचा उल्लेख शेवटी केलात, खरं तर तिथूनच सुरुवात हवी होती. हेली-हेली डिसीज (कातडीच्या पेशींची एकमेकांवरची पकड सुटणारा आनुवंशिक आजार) आधी तपासा. जांघेची कातडी दोन बोटांनी ताणून बघा: ओल्या, पांढुरक्या चट्ट्यावर समांतर बारीक चिरा दिसतात का? नायट्याची कड उठावदार आणि मधला भाग निवळलेला असतो. इथे तसं नसतं. नखांवर उभ्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर संशय आणखी पक्का. त्या ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासोल हे कडक स्टेरॉइड असणार. आराम त्या स्टेरॉइडचा, आणि श्रेय मिळतं बुरशीच्या औषधाला.

स्लाइडवाली
बायोप्सी करा, पण सोललेल्या भागाच्या मधून नको. तिथे वरचा थरच उरलेला नसतो, मग ‘नॉन-स्पेसिफिक’ असा रिपोर्ट येतो. ताज्या चट्ट्याच्या कडेवरून, थोडी चांगली कातडी धरून ४ मिमी पंच घ्या आणि फॉर्मालिनमध्ये टाका. दुसरा तुकडा शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (कातडीत चिकटलेल्या अँटीबॉडी शोधायची तपासणी) मिशेल्स मीडियम या द्रावणात. तो चुकून फॉर्मालिनमध्ये गेला तर वाया. पेशी ढासळत्या विटांच्या भिंतीसारख्या सुटलेल्या आणि इम्युनोफ्लुरोसन्स निगेटिव्ह असेल तर हेली-हेली. पॉझिटिव्ह आला तर पेम्फिगसकडे (अँटीबॉडींमुळे फोड येणारा आजार) वळा. फॉर्मवर ‘?टिनिया’ (नायटा) एवढंच लिहू नका.

त्वचारोगवाला
उपचारांचं थोडक्यात: भडका असताना मध्यम ताकदीचं स्टेरॉइड दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे, मग टॅक्रोलिमस ०.१% हे स्टेरॉइड नसलेलं मलम. सोबत क्लिंडामायसिन १% हे अँटिबायोटिक लोशन. वारंवार उलटत असेल तर डॉक्सीसायक्लिनची अँटिबायोटिक गोळी १०० मिग्रॅ रोज, दोन-तीन महिने. नाल्ट्रेक्सोन कमी मात्रेत (रात्री ३ ते ४.५ मिग्रॅ) काहींना लागू पडतं, पण बाजारात सहसा ५० मिग्रॅची गोळी मिळते आणि ट्रामाडोल (अफूवर्गातलं वेदनाशामक) घेणाऱ्याला ते देता येत नाही. घाम फार असेल तर काखेत बोटुलिनमचं इंजेक्शन.

एक सापळा: या चिरांमध्ये स्टॅफ (जिवाणू), कँडिडा (बुरशी) आणि हर्पीस (विषाणू) वरून बसतात. म्हणजे पुढे कधी केओएच पॉझिटिव्ह आला तरी निदान बदलत नाही, त्या वेळेपुरती बुरशी मारायची. अचानक खूप दुखायला लागलं आणि एकसारखे टोचल्यासारखे खड्डे पडले तर हर्पीस समजून असायक्लोविर लगेच सुरू करा, स्वॅबच्या रिपोर्टची वाट पाहू नका.

कराडचा जीपी
चिरा आहेत, ताणल्यावरच दिसल्या. मुलांना होईल का, असं पेशंट विचारतोय.

स्लाइडवाली
एटीपी२सी१ जनुकातला दोष, प्रत्येक मुलाला शक्यता ५०%. लक्षणं बहुधा विशी-तिशीनंतर दिसतात. संसर्गजन्य नाही, घरात वेगळा टॉवेल ठेवला असेल तर हे आजच सांगा.