गोठवलेल्या नमुन्याचा डोस वेगळा

नमुन्यातला विषाणू किरणांनी निष्क्रिय कसा करतात या चर्चेत, अतिनील किरणांनी विषाणूचं कवच फुटतं असं कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली मुख्य मार बसतो तो आतल्या आरएनए-डीएनएला. साखळीतले शेजारशेजारचे पिरिमिडीन (जनुकीय अक्षरांपैकी एक गट) एकमेकांना चिकटतात आणि नक्कल तिथेच अडते. कवच बरंचसं शाबूत राहतं.

गॅमा किरणांचा विषय इथे कुणी काढलेला दिसला नाही. ते जनुकीय साखळी थेट तोडतातच, शिवाय आजूबाजूचं पाणी फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी झटकन अभिक्रिया करणारे कण, तयार करतात, आणि ही रॅडिकल प्रथिनांनाही सोडत नाहीत. म्हणून चाचण्यांसाठी प्रथिनं धड राहायला हवी असतील तर नमुना गोठवूनच कोबाल्ट-६० या गॅमा किरणांच्या स्रोतासमोर ठेवतात. प्रयोगशाळेत असताना आम्ही थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) खच्चून भरायचो, मधोमध कुप्या, आणि वायू निघून जावा म्हणून झाकण सैलच. उणे ७८ अंशांना रॅडिकलना फारसं हलताच येत नाही, त्यामुळे प्रथिनं वाचतात. पण त्याच कारणाने विषाणूही जास्त तग धरतो आणि किरणांचा डोस वाढवावा लागतो. द्रव नमुन्याचा आकडा गोठवलेल्याला लावणं खरोखर धोक्याचं आहे. नंतर पेशींवर टाकून विषाणू वाढत नाही ना, हे पाहिल्याशिवाय आम्ही एकही कुपी बाहेर देत नसू.